न चाखता रांधलेला नैवेद्य

आदोळीच्या खवणीवर अर्धा नारळ खोवून झाला आणि सुमंगलाचा हात थांबला. थाळीत दोन नारळांचं खोबरं आधीच पडलं होतं. घरात माणसं तीन. एवढं कशाला खोवलं, तिला आठवेना.

"सोलकढीची नदी सोडतेस काय गो आई?" लेक गौरवी दारातून म्हणाली.

सुमंगला हसली नाही.

गावच्या देवीच्या देवळात शुक्रवारचा नैवेद्य रांधायचा मान पाळी थांबलेल्या बाईचा. सासूमागून तो सुमंगलाचा, हे कधीचंच ठरलेलं. बाकीच्या बायका पाळी जाताना धास्तावतात. हिनं दिवस मोजून वाट पाहिली. एक्कावन्नाव्या वर्षी ती देवळाच्या रांधपघरात शिरली तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं.

नैवेद्य चाखायचा नसतो. देवीआधी कुणाची जीभ लागता नये. मीठ घातलं की नाही, हे रांधणारीनं लक्षात ठेवायचं. वर्षभर ते जमलं. मग अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, सख्ख्या भाच्याचं नाव ओठांवर येऊन अडू लागलं. गेल्या शुक्रवारी मोडाच्या मुगांच्या मुगागाठीत मीठ दोनदा पडलं. प्रसादाच्या पंगतीत सगळ्यांना कळलं.

"वहिनी, आज देवीला दर्याच वाढलात," देवळाचे पुजारी गुरुदासभट म्हणाले. माणसं हसली. सुमंगला त्या दिवशी जेवली नाही. देवीनं ते खाल्लं होतं.

सोमवारी गौरवी तिला डिचोलीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद पाहिले. "पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं. झोप मोडते, डोकं धुकटल्यासारखं होतं. पुष्कळजणींचं पुढे निवळतं. ह्या गोळ्यांनी वाफा कमी होतील, झोप लागेल. आठवणीचं वचन मात्र देत नाही. आणि सुरुवातीला थोडं रक्त गेलं तर घाबरू नका, फक्त मला कळवा."

"म्हणजे पाळीच?"

"पाळी नव्हे. औषधाचा परिणाम."

देवीला हा फरक कोण सांगणार? रक्त दिसलं की मान गेला. गोळ्यांचं पाकीट तीन दिवस देव्हाऱ्यामागे तसंच पडून होतं.

"आज गुरुवार," गौरवी आता जवळ बसली. "गोळी घे. रक्त गेलं तरी कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना गो. नेमकं तेवढंच विसरायची नाही मी."

खोबरं तसंच टाकून ती उठली, हातपाय धुऊन देवापुढे बसली. लग्नापासून रोज म्हणत आलेलं स्तोत्र तिनं सुरू केलं. चौथ्या ओळीला अडली. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा चौथी ओळ आलीच नाही. डोळे मिटून ती कितीतरी वेळ बसली. आत नुसती पांढरी भिंत.

"आई?"

"पाणी आण."

तिनं पाकीट फोडलं, गोळी गिळली. देवीच्या तसबिरीकडे बघायचं धाडस झालं नाही. पदर सारखा करत तिनं चपला शोधल्या.

उद्याचा नैवेद्य दुसऱ्या बाईला सांगा, म्हणून गुरुदासभटांच्या घरी जाऊन यायचं होतं.