सगळं ज्ञानात टाका

मी शपथेवर एक खोटी गोष्ट लिहून दिली. कोणी धमकावलं नव्हतं, माझा काही फायदाही नव्हता. ती खरी आहे असं मला पक्कं ठाऊक होतं, एवढंच.

पुतणीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. आम्ही नागपूरकडून जबलपुरात आलेली बौद्ध माणसं. इथला दाखला हवा तर सरकारने ठरवलेल्या सालाच्या आधीपासून आपलं घर इथं होतं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्याचं शपथपत्र. वडीलधारा म्हणजे दुर्दैवाने मी.

आमच्या बैठकीत आजोबांचा फोटो आहे. तोफांच्या कारखान्याचं फाटक, समोर खाकी वर्दीतले आजोबा. बाबा म्हणायचे, देश आझाद झाला तेव्हा हे इथंच होते. ही बाबांची समजूत. वर्दी आहे म्हणजे नोकरी पक्की, ही भर माझी. दोन्हींना मी लहानपणापासून इतकं हाताळलं होतं की सांधा दिसेनासा झाला होता.

कचेरीच्या आवारात झाडाखाली बसणारा टायपिस्ट मात्र बारीक नजरेचा निघाला.

"अंकलजी, नीचे लिखना पड़ता है, कौन सी बात ज्ञान से और कौन सी विश्वास से. दादाजी उस समय फ़ैक्टरी में थे, ये आपने खुद देखा?"

"मैं पैदा ही नहीं हुआ था, भैया."

"तो विश्वास में डाल दूँ?"

मला हा शब्द झोंबला. एकतीस वर्षं मी त्याच कारखान्यात तपासणी केली आहे. गेजमध्ये न बसणारा तुकडा फोरमनने हात जोडले तरी पास केला नाही. दर रविवारी विहारात उभा राहून मी सांगतो, ऐकलं म्हणून मानू नका, तपासून पाहा. एकदा तर धाकट्या भावाची बायको, म्हणजे या पुतणीची आई, नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन गुपचूप दिवा सोडते, हे मी तिचं नाव न घेता, पण तिच्याकडे पाहत, सगळ्या सभेला ऐकवलं होतं. तेव्हापासून तिच्या घरी मला फुटक्या कपात चहा मिळतो. अशा माणसाला हा कळफलक बडवणारा विश्वास चिकटवणार?

"विश्वास लोगों का होता है," मी म्हणालो. "मेरा ज्ञान है. सब ज्ञान में डालो."

"मोठेबाबा, विश्वासमध्येच टाकू द्या ना," पुतणी हळूच म्हणाली. "मी शाळेचा जुना दाखला शोधून राहिली. तो मिळाला की पुरावा होईल."

"तू गप. अक्कल नाही तुला," मी चारचौघांत म्हणालो, आणि झोकदार सही ठोकली.

पुढे तिने दाखला खरंच मिळवला. माझ्या मोठ्या काकांचं नाव इथल्याच चेरीतालच्या शाळेत त्या सालाच्या आधी घातलेलं होतं. म्हणजे बाबांची समजूत चक्क खरी निघाली. फक्त त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आजोबांच्या, धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मजुरी. आणि तहसीलीने विचारल्यावर कारखान्यातून उत्तर आलं, आजोबा नोकरीला लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. फोटोतली वर्दी कोणाची, ते आजही कोणाला माहीत नाही.

कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पुतणीला विचारलं, "या तो स्कूल का रजिस्टर झूठा है, या आपके ताऊजी. किसको मानें?" माझ्या एका खोट्यामुळे तिचा खरा कागदही संशयात गेला. फाइल परत आली, नवा अर्ज करायला सांगितलं. तोवर प्रवेशाची पहिली यादी लागून गेली. आता दुसरीवर सगळी मदार.

मी भावाच्या घरी गेलो. माफी मागायला नव्हे, समजावायला. तत्त्वतः मी बरोबर होतो, असं काहीसं मनात होतं. या वेळी फुटका कपही आला नाही.

"तत्त्व गेलं चुलीत," भावजय म्हणाली. "मोठे विज्ञानवाले! माझ्या दिव्यानं कोणाचं काय बिघडलं, दादा? माझा दिवा पाण्यात वाहून जाते. तुमचा कागद फाइलीत बसते अन् पोरीच्या मुळावर येते."

"पण बाबा नेहमी सांगायचे..."

"सांगायचे न? मंग तसंच लिहायचं होतं, बाबा सांगायचे म्हणून. काहून नाही लिहिलं?"

मी मदतीसाठी भावाकडे पाहिलं.  भाऊ टीव्हीकडे पाहत होता. टीव्ही बंद होता.

नवं शपथपत्र आत्याने द्यायचं ठरलं. ती आजोबांची सगळ्यात धाकटी मुलगी, ऐंशी पार केलेली; लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली म्हणून आधी कोणाला आठवलीच नव्हती. झाडाखालच्या त्याच टायपिस्टसमोर ती बसली आणि तिने मोजून तीन गोष्टी सांगितल्या. मोठा भाऊ चेरीतालच्या शाळेत जायचा. मी त्याच्या मागं रडत जायची. वडील तेव्हा माती वाहायचे. "और फ़ैक्टरी?" टायपिस्टने विचारलं. "मला नाही मालूम तं कशाला लिहू?" आत्या म्हणाली. शपथपत्र अर्ध्या पानात संपलं. माझं पावणेतीन पानांचं होतं.

आत्याची ओळख पटवायला एक माणूस लागतो, म्हणून मला रिक्षात घालून आणलं होतं. टायपिस्टने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्याने ओळखलं.

"पहचानकर्ता आप? बताइए."

मी घसा साफ केला. पुतणीने माझ्या हातातला पेन काढून घेतला.

"मोठेबाबा, तुम्ही फक्त आपलं नाव सांगा," ती म्हणाली. "तेही आधार कार्ड बघून."