चिनी धुपाटण्यावरची काळी अक्षरं

इतवारी बाजारातला तो पॉलिशवाला कुठलंही भांडं घासण्याआधी हुंगायचा. माझं जुनं पितळी धुपाटणंही त्यानं हुंगलं. चिनी कारागिरानं मुसलमान गिऱ्हाइकासाठी घडवलेलं ते; पोटावर अरबी अक्षरं, बुडाला चिनी शिक्का. "काळेपणातच त्याचं मोल आहे, नुसती धूळ पुसा," असं बजावून मी चहाला गेलो.

परतलो तर धुपाटणं नव्या लोट्यासारखं लखलखत होतं! अक्षरं तेवढी काळी.

"खालचा शिक्का कुठं गेला?"

"तो तं कंपनीचा मार्का. मशीनवर उडवला."

"मग अक्षरं का सोडली?"

"कोणाच्या देवाचं हाये, मले काय मालूम? त्याले चिंच कशी लावू?"

मी कपाळाला हात लावला. घरी येताना वाटलं, त्या चिनी कारागिरालाही ती अक्षरं वाचता आली नसतील. त्यानंही अशीच भीत भीत कोरली असतील.