शकिलाभाभीचे तांबडे क्रूस

होळी झाली की आमच्या मिशनच्या शाळेच्या गेटपाशी, करंजाच्या सावलीत शकिलाभाभी उभी राहायची. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. शाळा सुटली की पोरं तिच्यापुढे ओळ लावायची.

"हात वर कर. पोट आत नको घेऊ रं, खोटं माप देतो का मला? जूनात बटनं तुटली म्हंजी तुझी आई माझ्या दारात."

पोरं खिदळायची. पहिली ते चौथीची सगळी शाळा अशी तिच्या टेपेखालून जायची. माझी थोरली मुलगी त्या टेपेखालून गेली, आता धाकटी तिसरीत आहे, तीही गेली.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला. चारी बाजूंना ऊस, मध्ये चर्च आणि चर्चला लागून ही मराठी प्राथमिक शाळा. शाळेत ख्रिस्ती घरांतली मुलं थोडी, शेतकऱ्यांची जास्त, मुसलमानांचीही बरीच. गणवेश मात्र सगळ्यांचा एक. गडद निळा फ्रॉक नाहीतर निळी चड्डी आणि आकाशी शर्ट. मुलींच्या फ्रॉकवर छातीशी आणि मुलांच्या शर्टाच्या खिशावर तांबड्या दोऱ्याचा क्रूस.

हा क्रूस पहिल्यांदा काढला तो शकिलाभाभीच्या नवऱ्यानं, बाबाजान टेलरनं. चर्चच्या दारावरचा क्रूस बघून त्यानं कापडावर खडूनं आखला आणि मशीनवर भरला. चौकातल्या पारावर कुणीतरी टोमणा मारला होता, "काय मास्तर, आता क्रूस शिवायला लागले व्हय?" बाबाजान म्हणाला होता, "मी लेकरांची कापडं शिवतो. त्यावर जे आसंल ते शिवतो." पुढं तो छातीच्या दुखण्यानं गेला. चाळीस दिवस झाल्यावर शकिलाभाभी त्याच्या मशीनवर जाऊन बसली. क्रूस तिनं तसाच ठेवला, एक टाकासुद्धा बदलला नाही. मुलगा आसिफ पुण्याला कंपनीत लागला. घरात ती आणि मशीन.

तिच्या शिवणात एक गोष्ट होती, ती आम्हा आयांनाच माहीत. शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची आणि फ्रॉकच्या खाली रुंद दुमड घालायची. पोरगी वाढली की दुमड उसवायची, फ्रॉक लांब. एक जोड दोन वर्षं सहज जायचा. थोरलीचा धाकटीला व्हायचा.

आणि एक रीत होती. वर्षाचा पहिला जोड ती कुणाकडून पैसे न घेता शिवायची, हातरुमालात गुंडाळून शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरांकडे न्यायची. सिस्टर तो एखाद्या गरीब मुलीला द्यायच्या. आमच्या जुन्या सिस्टर जोड हातात घेऊन म्हणायच्या, "शकिला, देव तुझ्या हाताला बळ देवो." एवढंच. तो जोड सिस्टरांनी ठेवून घेतला की पुढच्या वर्षीचं काम तिचं झालं. कागद नाही, सही नाही. मग ती भिशी उचलून त्या पैशांत श्रीरामपूरहून कापडाचे तागे आणायची, आणि सुट्टीभर तिचं घर खडखडत राहायचं.

गेल्या वर्षी जुन्या सिस्टरांची बदली झाली. नव्या आल्या त्या तरुण, हुशार, बोलायला गोड. शाळेत संगणक आले, पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला.

यंदा तिचे रोजे आणि आमचा उपवासकाळ एकदमच आले. होळीनंतर एका दुपारी ती पहिला जोड घेऊन निघाली, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला निघाले होते, म्हणून वाटेत भेटले आणि सोबत गेले. नव्या सिस्टरांनी जोड उघडून बघितला, क्रूसावरून बोट फिरवलं.

"किती सुंदर! कुणासाठी?"

"तुमी द्याल त्या लेकरासाठी," शकिलाभाभी म्हणाली.

सिस्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो, भाभी." जोड कपाटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी तो बायडाबाईच्या नातीला, दुसरीतल्या संस्कृतीला दिला. संस्कृतीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ असते.

परत येताना शकिलाभाभीचा चेहरा असा उजळला होता, की मी म्हटलं, "आज रोजा लागत नाही वाटतं तुम्हाला."

"लागतोय की. पन काम मिळालं ना बाई. आता ईद झाली की कापड."

मीही हसले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

एक मे रोजी, महाराष्ट्र दिनी निकाल. सकाळी झेंडावंदन झालं, मग व्हरांड्यापुढं मांडवात पालक बसले. शकिलाभाभी दर वर्षी निकालाला यायची, कारण कोण किती जोड घेणार ते बाया तिला तिथंच सांगायच्या. ती शेवटच्या ओळीच्या मागं, पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत वेगवेगळ्या मापांचे नमुने.

बक्षिसं झाली. मग सिस्टरांनी वर्षअखेरीची सूचना वाचायला घेतली. तोच कागद पालकांना वाटला होता.

"प्रिय पालकहो, देवाच्या कृपेनं आपल्या शाळेचं हे वर्ष आनंदात पार पडलं. तालुक्याच्या स्पर्धेत आपल्या मुलींनी खो-खोत दुसरा क्रमांक मिळवला. ज्या मुलांचा चर्चमध्ये पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा विधी झाला, त्यांचं अभिनंदन. ग्रंथालयाची पुस्तकं ज्यांनी परत केली नाहीत, त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्यावीत. व्हरांड्यात स्वेटर, डबे आणि पाण्याच्या बाटल्या पडून आहेत, त्या ओळखून न्याव्यात. चौथीच्या मुलांचे दाखले जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळतील. सुट्टीत मुलांना कॅनॉलवर एकटं सोडू नये."

इथं सगळे हसले. दर वर्षी हे वाक्य असतं आणि दर वर्षी पोरं कॅनॉलवर असतातच.

"आणि एक आनंदाची बातमी. येत्या वर्षापासून संस्थेच्या सर्व शाळांना एकच नवीन गणवेश राहील. तो तयार स्वरूपात शाळेतूनच मिळेल. जुना गणवेश चालणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी."

पुढच्या ओळीतल्या पूजानं टाळी वाजवली. तिचं चौकात मोबाईलचं दुकान आहे. "बरं झालं बाई! टाय आहे का, सिस्टर?"

"आहे. आणि ट्रॅकसूटही."

"माझ्या नणंदेच्या पोरांना केव्हाची टाय आहे. आमचीच पोरं गावंढळ दिसायची."

मग एकेक मान मागं वळली. पूजाही वळली. तिच्या मनात वाईट नव्हतं, जीभच तशी. म्हणाली, "चला भाभी, आता तरी आमचे ब्लाऊज वेळेवर द्या!"

बाया हसल्या. शकिलाभाभीही हसली. हसता हसता तिनं पिशवीचं तोंड आवळलं आणि ते तसंच मुठीत धरून बसली, मांडव रिकामा होईपर्यंत.

मग मी तिला ऑफिसात नेलं. सिस्टरांना आधी समजलंच नाही.

"पण भाभी, शिवा म्हणून मी कधी सांगितलं?"

"सांगितलं न्हाई. पन जोड घेतला ना तुमी."

"तो तर तुम्ही दान म्हणून दिलात."

"व्हय. दान बी हुतं."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. मी त्यांना रीत सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा, मला कुणीच बोललं नाही," एवढंच म्हणाल्या. कुणी बोलणार कसं? जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी बोलत नाही.

"एवढं एक वर्ष दोन्ही गणवेश चालू द्या," मी म्हटलं.

सिस्टरांनी आमच्यासमोर संस्थेत फोन लावला. बराच वेळ इंग्रजीत बोलल्या, विनवण्या करत असाव्यात. फोन ठेवला आणि मान हलवली. "माल येऊनसुद्धा पडलाय. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, भाभी."

"करा," शकिलाभाभी म्हणाली, आणि चपला घालायला बाहेर आली.

तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेवर, ट्रंकेवर, मशीनच्या फळीवर जोडांच्या थप्प्या, प्रत्येकाला मापाची चिंधी बांधलेली. ईदपासून रात्र न् दिवस तिनं काम उपसलं होतं. आसिफचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. तिनं स्पीकर लावला, हातातलं काम सोडायची सवय नाही.

"अम्मी, मी म्हनलो हुतो ना तुला? आता सगळं रेडिमेडच हाय. इकडं ये राहायला."

"तुझ्या त्या खोलीत मशीन बसनार हाय का?"

"मशीन कशाला आनतीस आता?"

तिनं हातातल्या जोडाची घडी घातली आणि थप्पीवर ठेवली.

राहुरीच्या एका कापडवाल्यानं सांगितलं, फ्रॉक साधे असते तर आठवड्याच्या बाजारात खपले असते. ते तांबडं काढून आणा, मग बघू. त्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्या दारात बसली. पाणी दिलं ते हातातच धरलं.

"ज्योतीताई, एक इचारू का? क्रूस उसवला तर पाप लागंल का? तुमच्यात काय हाय त्याचं?"

मी रोज जपमाळ करते, रात्री वहीत त्या दिवसाचं वचन उतरवते, इतक्या वर्षांत असा प्रश्न माझ्यापुढं आला नव्हता. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरांना विचारलं. ते म्हणाले, "तो आशीर्वादित नाही, कापडावरचा धागा आहे. पोटासाठी काढला तर पाप कसलं?"

मी तिला तसं सांगितलं.

"फादर म्हनले म्हंजी बरोबरच आसंल," ती म्हणाली. ब्लेड हातात घेतलं, पहिल्या खिशाशी नेलं आणि खाली ठेवलं. "माझा हात न्हाई चालत, ताई. त्यांनी घालून दिलेला हाय."

मग ते काम मी केलं. दुपारची भांडी आटोपली की तिच्या उंबऱ्यात जाऊन बसायची. प्रत्येक क्रूसाला एक 'नमो मरिये' प्रार्थना म्हणायची आणि ब्लेड लावायची. ज्या हातानं मी आयुष्यभर कपाळावर क्रूसाची खूण केली, त्याच हातानं. शकिलाभाभी शेजारी बसून तांबडे दोरे एका डब्यात गोळा करायची. केरात टाकू देत नव्हती. डबा भरला तेव्हा आम्ही दोघींनी तो माझ्या परसात डाळिंबाखाली पुरला. माती लोटताना तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं.

दोरा निघाला, पण सुईची भोकं राहिली. घट्ट विणीचं कापड, त्यात ती बुजत नाहीत. धुऊन, इस्त्री करूनही राहिली.

बाजारात मी तिच्याबरोबर गेले. बाया फ्रॉक उचलायच्या, उन्हापुढं धरायच्या, छातीवरची ती भोकांची खूण बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. एका म्हातारीनं नातीच्या अंगाला लावून पाहिला, मग उलटा केला, भोकांवर बोट ठेवलं.

"ह्ये कुन्या लेकराच्या अंगावरचं उतरवलंय का गं? गेलेल्या?"

मीच ओरडले, "नाही हो आजी, कोरे आहेत!" पण म्हातारीनं नातीचा दंड धरून तिला केव्हाच लांब ओढलं होतं. शेजारच्या बायांनीही ते ऐकलं. त्यानंतर आमच्या गठ्ठ्याला कुणी हात लावला नाही. ऊन कलायच्या आतच आम्ही सगळं बांधलं.

जूनात शाळा उघडली. नव्या गणवेशाच्या टाया लावून मुलं ओळीत उभी राहिली, छान दिसत होती, खोटं कशाला लिहू. त्या सकाळी शकिलाभाभी कांदा साठवतात त्या चाळीवर कांदे निवडायला जाणाऱ्या बायांच्या टेम्पोत बसली होती. टेम्पो गेटावरून गेला. तिनं तोंडाला फडकं बांधलेलं होतं, त्यामुळं पोरांनी तिला ओळखलं नाही. पावसाळ्याच्या शेवटाला भिशीचे हप्ते थकले, तेव्हा तिनं बाबाजानची मशीन विकून टाकली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे फराळ घेऊन गेले होते. खोली मोकळी, जिथं मशीन होती तिथं फरशीवर चार पायांचे डाग. तेवढ्यात बायडाबाई नातीला घेऊन आली. संस्कृतीच्या अंगात तो पहिला जोड होता, छातीवर तांबडा क्रूस तसाच. शाळेतून तिला नवा मिळालेला. हा ती घरी, शेळ्यांमागं घालते. गुडघ्याच्या वर गेला होता.

"भाभी, एवढं लांब करून दे माय," बायडाबाई म्हणाली. "पोरगी सोडतच न्हाई अंगातून."

शकिलाभाभीनं पोरीला जवळ ओढलं. गळ्यात टेप नव्हती, वितीनंच माप घेतलं. फ्रॉक अंगावरच असताना खाली बसून दातानं टाका तोडला आणि दुमड सोडली. वरचं कापड उन्हानं विटलं होतं. दुमडीतली पट्टी मात्र कोरी, गडद निळी निघाली.

तिनं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. कांद्यानं काळी पडलेली बोटं होती, म्हणून चटकन काढून घेतला, पदराला पुसला.

"आसं हुतं कापड," ती मला म्हणाली.

मग तिनं हातसुई घेतली आणि खालची कड हातानंच घालायला लागली.