दारातला वरवंटा

नव्या रायपुरातल्या आमच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एकच दार दिवसभर उघडं असायचं आणि त्या दारात काळ्या दगडाचा वरवंटा आडवा पडलेला असायचा. ते दार वरवंटेवाल्या मावशींचं. इमारतीतली मुलं त्यांना ‘पत्थरवाली नानी’ म्हणत. मावशींचं खरं नाव खाली टपालाच्या पेटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नसे.

वरवंट्याची गरज अशी, की आमच्या सगळ्या दारांना लॅच होतं. दार लोटलं की कुलूप आपोआप लागायचं. आणि वाऱ्याची आमच्याकडे काही कमी नव्हती. राजधानी नवी, रस्ते हे एवढे रुंद, झाडं अजून गुडघ्याएवढी. माळावरून निघालेला वारा वाटेत कुठे न अडता थेट आमच्या मजल्यावर यायचा आणि दारं धाडधाड आपटायचा. सकाळी ठेचा वाटायला वरवंटा आत गेला, की त्याच्या जागी मावशींच्या वारलेल्या नवऱ्याची जुनी चामडी चप्पल यायची. “वरवंटा कामावर गेला का चप्पल ड्यूटीवर,” मावशी म्हणायच्या. “याईनं जन्मभर रेल्वेत शिफ्ट ड्यूटी केली. आता बी करूनच राहिले.”

माझी त्यांची ओळख भांडणानं झाली. लग्न होऊन मी नागपूरहून नुकतीच आले होते. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी होती, आणि घरी आल्यावर मला कोणाचं तोंड बघायची इच्छा नसायची. त्या दिवशी आईशी फोनवर बोलत मी दार लोटलं, तोच बाहेरून थाप पडली. दारात पांढऱ्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई, कमरेवर हात ठेवून उभी. “मराठी आहेस ना वं तू? आईशी बोलून राहिली होती, ऐकलं मी. मंग दार काहून लावतं?” मी म्हटलं, “मावशी, दार लावायलाच असतं.” त्या म्हणाल्या, “लावालेच पायजे होतं तं भिंत घालाची होती.” संध्याकाळी त्याच बाईंनी ठेच्याची वाटी आणून दिली. तो इतका तिखट होता, की आमचे हे पाण्याचा तांब्या घेऊन बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

मावशींचं निम्मं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरात गेलं होतं. तिथं सगळी दारं एकाच व्हरांड्यात उघडायची. कोणाची भाजी करपली, कोणाचा पोट्टा नापास झाला, कोणाला ताप आला, हे कोणी कोणाला सांगायला जायचंच नाही, दिसायचंच. मुलगा मिलिंद बंगळुरूला नोकरीला लागला, तिथंच त्याचं लग्न झालं, आणि त्यानं आईसाठी हौसेनं हा फ्लॅट घेतला. नवं शहर, लिफ्ट, चोवीस तास पाणी. मुलानं काही कमी केलं नाही, हे मावशी स्वतःच सांगायच्या. पण आमच्या मजल्यावरचे निम्मे फ्लॅट विकलेले आणि रिकामे होते. दुपारी त्या लांब बोळात उभं राहिलं, तर दोन्ही बाजूंना नुसती बंद दारं दिसायची. मी इतकी वर्षं असले बोळ कागदावर आखत आले होते, पण तिथं एकटीनं उभं राहायला मला आवडायचं नाही.

वरवंटा दारात आला तो दुबेजी गेल्यापासून. हे मला मावशींनीच सांगितलं. दुबेजी तळमजल्यावर राहायचे, रिटायर झालेले, एकटे. संध्याकाळी हे दोघं फाटकाजवळच्या कठड्यावर बसून बोलायचे, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. एका उन्हाळ्यात दुबेजी कठड्यावर यायचे थांबले. मावशींनी चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, टीव्हीचा आवाज येतो आहे, म्हणजे आहेत घरात. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो आवाज ऐकून पुढे जात राहिला. शेवटी दार तोडावं लागलं, तेव्हा टीव्ही चालूच होता. “टीव्ही बोलत होता ना बाई,” मावशी म्हणाल्या, “म्हणून त्याईच्याशी कोणी बोललंच नाही.” मग बराच वेळ लुगड्याच्या पदराशी चाळा करत बसल्या. “मले मराचं भेव नाही. पण बंद दारामागं मराचं नाही. तेवढं एक नाही.”

त्या बाईला आयुष्याकडून एवढंच हवं होतं, आणि आमच्या नव्याकोऱ्या इमारतीत तेवढंच मिळणं कठीण होतं.

दुबेजींचा फ्लॅट पुढे कुलपातच राहिला. आमच्या लिफ्टला एक खोड होती. भरदुपारी ती कोणी न बोलावता चौथ्या मजल्यावर यायची, दार उघडायचं, आत कोणी नसायचं, दार मिटायचं. मेकॅनिक म्हणायचा, वायरिंगचा दोष आहे. मावशी दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत असायच्या. त्या मान वर न करता म्हणायच्या, “आओ दुबेजी, बैठो,” आणि पायानं शेजारचं स्टूल पुढे सरकवायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी रागावले, “मावशी, मेलेल्या माणसाला असं बोलावू नये.” त्या म्हणाल्या, “जित्याले इथं कोणी बोलावत नाही. मेल्याले तरी बोलावू दे.” त्यानंतर ते स्टूल रिकामं दिसलं तरी मी त्यावर कधी बसले नाही. मी शिकली-सवरलेली बाई, पण नाही बसले.

शहराशीही त्यांचं असंच भांडण चालायचं. भाजीला जायचं तर आधी बसची वाट बघायची, आणि बसच्या मनात येईल तेव्हा ती येणार. समोरचा रस्ता त्या एका दमात कधी ओलांडू शकल्या नाहीत. मधल्या दुभाजकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या आणि दोन्हीकडून गाड्या सुसाट जायच्या. एकदा ऑफिसातून येताना मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं. मी ओरडले, तर म्हणाल्या, “ओरडू नको वं. रस्ता ओलांडता ओलांडता म्हातारपण येते म्हणतात. मी तं म्हातारी होऊनच निघाली.” असं कोणीच म्हणत नव्हतं, त्यांनीच ते तिथल्या तिथं रचलं होतं. मी हात धरून त्यांना पलीकडे नेलं, तर वाटेत माझ्याच पिशवीतले टोमॅटो किती महाग आणले म्हणून बोलणी खाल्ली.

उघड्या दाराचा त्रास नव्हता असं नाही. कुत्री मजल्यावर चढायची. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी दारं बंद ठेवण्याची सूचना लिफ्टमध्ये चिकटवली. चौकीदार बिचारा वर येऊन विनवायचा, “दाई, दरवाजा बंद कर ले, कुकुर घुसर जाही.” मावशी म्हणायच्या, “हव, हव,” आणि त्यालाच ताटलीत पोहे द्यायच्या. मिलिंदनं बंगळुरूहून येऊन भिंतीवर कॅमेरा लावला आणि आईच्या गळ्यात संकटकाळी दाबायचं बटण अडकवलं. आई मराठीत बोलायची आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत होती. “अब तो दरवाज़ा बंद करोगी ना, मम्मी?” मावशी म्हणाल्या, “बटन दाबाले हात उचला लागते, बापा. हातच नाही उचलला तं?” कॅमेऱ्याशी मात्र त्यांचं चांगलं जमलं. जेवायला बसल्या की त्या भिंतीकडे बघून विचारायच्या, “जेवला का रे?” मला हे पाहवायचं नाही, मी काहीतरी निमित्त काढून घरी जायचे.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसला अभनपूरच्या रस्त्यावर वृद्धांसाठी घरं बांधायचं काम मिळालं. नकाशे माझ्याकडे आले. उतार, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात धरायला दांडे, सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. मी कौतुकानं नकाशा मावशींना दाखवला. त्यांनी मागण्यांचा सपाटा लावला. पाटा ठेवायला जागा पाहिजे, दारात आंब्याचं झाड पाहिजे, आणि ते प्रत्येकाच्या दारात पाहिजे. मी डोक्याला हात लावला. शेवटी म्हणाल्या, “ते जाऊ दे. दाराशी एक ओटा दे. आणि दार असं दे का बसल्या जागी मले बाहेरचं माणूस दिसलं पायजे, अन् बाहेरच्याले मी.” त्यावर मी आडव्या दोन फळ्यांचं दार काढलं. खालची फळी लावली की कुत्रं येणार नाही, वरची उघडी. आमचे साहेब म्हणाले, हे गोठ्याचं दार आहे. मी मावशींना तसंच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “गोठ्यातल्या गाई एकमेकीले दिसत तं राहते!” साहेबांशी मी बरीच हुज्जत घातली. मला हुज्जत घालायला आवडतं, हे एक, आणि या खेपेला कारणही चांगलं होतं. दार मंजूर झालं. मावशींनी ताबडतोब त्यातलं पहिलं घर स्वतःसाठी राखून ठेवलं.

ते घर बांधून व्हायच्या आतच मावशी न्हाणीघरात घसरल्या. गळ्यातलं बटण बाहेर खुंटीवर होतं. दार उघडं होतं म्हणून त्यांचं कण्हणं मला ऐकू आलं आणि मी आत गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं. मिलिंद धावत आला, महिनाभर आईच्या उशाशी राहिला आणि मग तिला बंगळुरूला न्यायचं ठरवलं. त्याचं काहीच चुकत नव्हतं. मावशींनी एकच विचारलं, “तुह्या घरचं दार कसं आहे?” तो अभिमानानं म्हणाला, “अंगूठे से खुलता है, मम्मी. बंद अपने आप होता है.” मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही आठवू नये असं वाटतं.

जायच्या दिवशी त्यांनी वरवंटा पिशवीत भरला होता. मिलिंद हसून म्हणाला, “प्लेन में पत्थर नहीं ले जाते, मम्मी.” मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. पण मावशी भांडल्या नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली. त्यांनी पिशवी तशीच माझ्या हातात दिली. “तुह्या दाराले लाव,” म्हणाल्या. चाकांच्या खुर्चीतून त्या लिफ्टमध्ये गेल्या आणि लिफ्टचं दार मिटलं. मागं त्यांचं दार मिलिंदनं ओढून घेतलं, तेव्हा लॅचचा खट्कन आवाज झाला. तो आवाज मी त्याआधी हजारदा ऐकला असेल, पण तेव्हा मला रडू आलं.

वर्ष उलटलं असेल. अभनपूरच्या रस्त्यावरची घरं उभी राहिली, ओट्यांवर म्हातारी माणसं बसून एकमेकांची उणीदुणी काढायला लागली. मी फोनवर मावशींना त्याचे फोटो पाठवले. त्यावर उत्तर आलं नाही. काही दिवसांनी मिलिंदचा फोन आला. नेहमीप्रमाणे हिंदीत. मावशी गेल्या होत्या. दुपारी. “हम दोनों ऑफिस में थे, दीदी.” माझ्या डोळ्यांपुढे ते अंगठ्यानं उघडणारं दार आलं.

मग त्याच्या तोंडून मी प्रथमच मराठी ऐकलं. अडखळत, एकेक शब्द शोधत तो म्हणाला, “आईनं दार उघडं ठेवलं होतं, दीदी. बाबाची चप्पल लावून.” ती चप्पल मावशींनी रायपुराहून कधी, कशात लपवून नेली, त्याला ठाऊक नव्हतं. शेजारची कानडी बाई जाता जाता दारातली चप्पल पाहून थबकली आणि आत डोकावली. मावशी खाली बसल्या होत्या, छातीला हात लावून. त्या बाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. डॉक्टर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. “दोघी बोलत होत्या म्हणे,” मिलिंद म्हणाला. “काय बोलत होत्या, कोणालेच नाही समजलं.”

फोन ठेवून मी दारात खुर्ची टाकली, शेजारी घरातलं एक स्टूल ठेवलं आणि बसले. बोळात सगळी दारं बंद होती, माझं एक सोडून. थोड्या वेळानं लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मेकॅनिकला अजून तो वायरिंगचा दोष सापडलेला नाही. मी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हटलं, “या मावशी, बसा.” मग वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून वरवंटा नीट आडवा लावला.