रस्ता माझा, पार्षद ती

आमच्या वस्तीतला रस्ता मी रुंद करवला आणि त्या रस्त्यामुळे माझी धाकटी जाऊ पार्षद, म्हणजे तुमच्याकडची नगरसेविका, झाली. हे मी कोणालाही सांगते. तिच्या तोंडावरही सांगते.

आमची वस्ती सुपेला बाजाराच्या मागे. विदर्भातून इकडे हिंदी मुलखात आलेली बौद्ध घरं, कोणी पोलादाच्या प्लांटमध्ये, कोणी रेल्वेत. मधोमध विहार. मी आणि जाऊ समोरासमोर राहतो. मध्ये पूर्वी गल्ली होती, इतकी अरुंद की जयंतीचा रथ आत शिरत नसे. मिरवणूक मोठ्या सडकेवर थांबायची आणि आपल्याच विहारापर्यंत फोटो हातात धरून आणावा लागायचा. मला ते खटकायचं. बायकांना घेऊन मी नगर निगमात खेटे घातले. साहेब म्हणाले, आधी घरं मागे घ्या, मग रस्ता. मी सगळ्यांच्या आधी माझा ओटा फोडला. नवरा ड्युटीवरून आला, विटांचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "झालं समाधान?"

जाऊचा ओटा शेवटी फुटला. "बाई, माह्ये पापड कुठं वाळवू?" असं ती मला विचारत होती. दिरानेच घण उचलला, तेव्हा ती दार लावून आत बसली.

सिमेंटचा रस्ता झाला. त्या जयंतीला रथ थेट विहाराच्या दारात आला आणि मी त्याच्यापुढे चालले. पार्षद अशी बाई पाहिजे, असं बायका बोलू लागल्या, आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. खोटं कशाला सांगू? मला ती खुर्ची हवी होती. मी चौथी शिकलेली, पण साहेबाच्या टेबलापुढे माझा आवाज कधी बसला नाही. वॉर्डात आमच्या वस्तीची मतं भारी होती. वस्ती ज्याच्यामागे, तो पार्षद. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाल्याचं कळलं, तेव्हा रविवारी वंदनेनंतर विहारात हात वर करून माझं नाव ठरलं. जाऊचाही हात वर होता. मी पाहिला होता.

मग परिसीमन आलं. वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या. रेघ ओढायला त्या लोकांना दिसणारं काहीतरी लागतं: नाला, रेल्वेलाइन, चांगला रुंद रस्ता. गल्ली होती तोवर ती कोणाला दिसलीही नसती. आता माझा रस्ता होता. रेघ त्याच्यावरूनच गेली.

विहार आणि वस्तीचा मोठा भाग जाऊच्या बाजूला. तो जुन्याच वॉर्डात राहिला, राखीव जागेसकट. आमची चार ओळी घरं मागच्या कॉलनीला जोडली गेली. कॉलनीत फाटकं, गाड्या आणि मतंच मतं. त्यात आमची म्हणजे पिठात मीठ. मी पलीकडच्या वॉर्डातून उभी राहू शकते, कायदा अडवत नाही, असं कोणी सांगितलं. पण जिला स्वतःचं मत स्वतःला देता येत नाही तिला कोण उभं करील? विहारात पुन्हा हात वर झाले. "त्याच बाजूची पाहिजे," म्हणाले, "आणि ती काय परकी आहे? तुमच्याच घरातली आहे ना." घरातली होती, हेच तर दुखणं होतं. परकी असती तर मी कधीच विसरले असते.

ती निवडून आली. तिच्या दाराशी पाटी लागली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. तिच्याकडे येणारे लोक स्कूटर माझ्या भिंतीला लावू लागले. जिथला ओटा मी फोडला, तिथेच. कोणी मला विचारी, "पार्षद मैडम का घर?" मी सांगे, "सामने. घंटी बिगड़ी है, जोर से चिल्लाओ." घंटी चांगली होती.

तिच्या बाजूच्या नालीवर फरश्या बसल्या. माझी नाली उघडीच. आमचा पार्षद कॉलनीतला, रिटायर झालेला साहेब. माणूस वाईट नाही. त्याला आमची गरज नाही, एवढंच. मी एकदा त्याच्या फाटकाशी गेले, तेव्हा त्याने पाणी विचारलं, नाली लिहून घेतली आणि विसरला. आमच्या चार ओळी रुसल्या काय, हसल्या काय, तो निवडून येणारच.

जाऊला म्हटलं, तर ती म्हणाली, "बाई, तुमची बाजू माह्या हातात नाही ना. माह्या हातात असती तर केलं नसतं का?"

"तुह्या दारातून दिसते तरी का व नाली?"

"दिसते ना. वासही येते."

पुढच्या निवडणुकीआधी पुन्हा नवा नकाशा आला. रेघ तिथेच. पण हरकत घ्यायला मुदत होती. मी अर्ज लिहवून घेतला: सीमा रस्त्यावरून उचला आणि आमच्या घरांमागच्या नाल्यावर न्या, म्हणजे वस्ती एक होईल. सही मागायला आधी समोर गेले. पार्षदाची सही वजनदार असते.

तिने चहा ठेवला. अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"कावून बदलता, बाई? चालून तर राहिलं."

"तुहं चालून राहिलं."

"असं नका बोलू. वस्ती एक झाली तर लोक म्हणतीन, आता मोठ्या बाईले उभं करा. मंग माह्यं काय?"

इतकी वर्षं मला वाटायचं, जळणारी मी एकटीच. त्या दिवशी तिच्या तोंडावर तेच पाहिलं आणि मला बरं वाटलं. चहा चांगला झाला होता. मी पूर्ण प्याले आणि सही न घेता उठले.

सुनावणीला एकटीच गेले. अधिकारी तरुण होता. म्हणाला, "माताजी, आपको तकलीफ क्या है?"

"मेरी देवरानी सामने रहती है. मेरे रस्ते पर पार्षद बनी है. मुझे उसके खिलाफ वोट देना है, और मैं दे नहीं सकती."

खोलीतले सगळे हसले. अधिकारीही हसला. मग त्याने नकाशा पुढे ओढला, बोटाने रस्ता धरून विहारापर्यंत गेला, आणि हसायचा थांबला. माझा अर्ज त्याने नोंदवला. मी बाहेर येईपर्यंत आत दुसऱ्याचा पुकारा झाला होता.

रेघ हलली नाही. शेवटचा नकाशा आला तो जसाच्या तसा. जाऊचा वॉर्डही पुन्हा बायकांचाच निघाला आणि ती पुन्हा उभी राहिली.

मतदानाच्या सकाळी आम्ही दोघी एकाच वेळी दार ओढून बाहेर पडलो. दोघींच्याही अंगावर पांढरं लुगडं, विहारात नेसतो तेच. मत द्यायची तिची शाळा उजवीकडे, माझी डावीकडे. ती रस्ता ओलांडून आली आणि वाकून पाया पडली. मी मागे सरले नाही.

"बाई, खरं सांगा," ती म्हणाली, "तुमचं मत माह्या वॉर्डात असतं, तर मले दिलं असतं का?"

"नसतं दिलं."

"मंग कावून भांडून राहिल्या एवढ्या?"

"अव, तुले मत न द्यायलाही तुह्या वॉर्डात राहावं लागते ना. अन् मग माही नाली झाकल्याशिवाय तुले झोप लागली नसती."

तिच्या बाजूची माणसं हाका मारत होती, ती गेली. मी डावीकडे निघाले, नालीच्या कडेकडेने, लुगडं वर धरून.