एका फेरीचे रोडगे

रोडगे किती वेळ भाजायचे, असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी काहीबाही सांगून वाटेला लावलं आहे. कुणाला अर्धा तास, कुणाला पाऊण. खरं उत्तर मला माहीत आहे, पण ते सांगायचं म्हणजे आबाजींना मधे आणावं लागतं, आणि आबाजी मधे आले की माझा आवाज जड होतो. चारचौघांत रडायची मला हौस नाही.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. शिरपूरपासून आत आमचं गाव आणि गावापासून आत आमचं वावर. तूर घरी आली की एका रविवारी सगळं घर वावरात जेवायला जायचं. लहानपणी बैलगाडीत, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. वांगी केनवडच्या बाजारातून आलेली असायची आणि वरणाचं पातेलंही घरूनच निघायचं, पण रोडगे मात्र वावरातच. घरात करतात त्या पोळ्या, असं आजीचं स्पष्ट मत होतं.

कामाची वाटणी ठरलेली होती. कणीक आजीची, आग आबाजींची. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून आजी इतकी घट्ट कणीक मळायची, की मी हात लावला तर माझीच बोटं दुखायची. मग ती लहान लहान पुऱ्या लाटायची, प्रत्येकीला तेल लावून त्यांची चळत रचायची, ती चळत एका मोठ्या पारीत बंद करायची आणि तळहातांत फिरवून गोळा करायची. हा रोडगा. भाजला की आतून पदर सुटतात, आणि ते पदर सुटले नाहीत तर तो रोडगा नव्हे, नुसता कणकेचा धोंडा.

तोवर आबाजींनी गोवऱ्या पेटवून त्यांचे निखारे केलेले असायचे. ते रोडगे निखाऱ्यांवर मांडायचे, सगळ्या अंगांनी लालसर झाले की गरम राखेत पुरायचे, हात झटकून उठायचे आणि आजीकडे न बघता म्हणायचे, "येतो वो एक फेरी मारून."

ही फेरी म्हणजे आमच्या वावराचा आख्खा बांध, नाल्यापलीकडच्या तुकड्यासकट. आमचं घड्याळ तेच. आबाजी परत आले की रोडगे झाले, त्याआधी राखेला कुणी हात लावायचा नाही. येताना त्यांच्या धोतराच्या ओच्यात बोरं असायची नाहीतर हरभऱ्याचे घाटे. बसकण मारून ते पहिला रोडगा बाहेर काढायचे, पंच्यानं पुसायचे, फोडायचे आणि आजीपुढे धरायचे.

"पाय."

"झाला," आजी म्हणायची, आणि मगच ताटं मांडली जायची. "पाय" म्हणजे बघ. इतकंच बोलणं. पण त्या एका "पाय"मध्ये त्यांचा काय रुबाब असायचा! शाळेत पहिला नंबर आल्यावरही मला तसं बघता आलं नाही.

मी मात्र जन्माची उतावळी. दूध तापायच्या आत मी गॅसजवळून निघालेली असते, रिक्षावाल्याच्या आधी मला वळण दिसतं. आई म्हणते, ही सातव्या महिन्यातच निघायला बघत होती. अशा माणसाला त्या फेरीची वाट बघणं म्हणजे शिक्षाच. भूक लागलेली, वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला, आणि आबाजी पार तिकडे नाल्याशी उभे राहून कसलं तरी झुडूप न्याहाळताहेत. तेव्हा त्यांचा राग यायचा. आज तेच डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. पांढरा सदरा, पाठीमागे बांधलेले हात, आणि मधेच वाकून बांधावरचं गवत उपटणं. एकदा दिसावं, एवढंच वाटतं.

मी अकोल्याला शिकायला गेले, मग वाशिमला नोकरीला लागले. तेवढ्या वर्षांत आबाजींच्या हातात काठी आली आणि फेरी लांबत गेली. एक-दोन वर्षं रोडग्यांना वरून करपट वास आला, मग पुन्हा ठीक झाले. रोडगे आता बेलफळाएवढे मोठे असायचे, अर्ध्यात पोट भरायचं. हे असं कधीपासून झालं, ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग ते वर्ष. मला दुपारची एसटी गाठायची होती. आबाजी फेरीला गेले ते दिसेनासेच झाले. सगळे चटया टाकून बसलेले, पोरं रडकुंडीला आलेली, आणि राखेतून जळका वास यायला लागला. आजी नुसती बसून होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"आजी, जळून राह्यले ना!"

"येतीन आता थे. बस."

"काय बसू? गाडी हाय माही!"

मी चिमटा उचलला आणि राख उकरायला लागले. आजीनं माझं मनगट धरलं. "हात नोको लावू," ती म्हणाली. हळू, पण मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी ऐकलं नाही. हात सोडवून घेतला आणि एकेक करून सगळे रोडगे बाहेर काढले, पंच्यावर पसरले.

बऱ्याच वेळानं आबाजी आले. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. समोर राखेत खड्डे, पंच्यावर गार होत असलेले रोडगे. मी ताट घेऊन जेवत होते. आणि या तोंडाला आवर कधी नव्हताच, म्हणून सगळ्यांसमोर हसत बोलून गेले, "आबाजी, तुमची फेरी होईलोक कोयसा झाला असता सगळ्याचा!"

सगळे हसले. आबाजीही हसले. "बरं केलं व माय," ते म्हणाले, "भूक लागली असन तुले." ओच्यातली बोरं त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि खाली बसले.

मला एसटी मिळाली.

पुढच्या वर्षी त्यांनी रोडगे राखेत पुरले आणि तिथंच बाज ओढून बसले. "यंदा इथंच बसतो मी," म्हणाले, "पोट्टीले गाडीची घाई राह्यते." मला तेव्हा बरंच वाटलं. माझ्यासाठी म्हाताऱ्यानं सवय मोडली, असा थोडा तोराही आला. रोडगे फार सुरेख झाले होते. खुसखुशीत, कुठं करपलेले नाहीत, पदर न् पदर मोकळा. असे रोडगे आपल्या घरात आजवर झाले नाहीत, असं मी दोनदा म्हणाले. आबाजी बाजेवरून नाल्याकडे बघत होते. त्या वर्षीच्या पोळ्याच्या सणाआधीच ते गेले.

आता आजीही नाही. वावर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं आहे. तुरीच्या दिवसांत शिरपूरच्या रस्त्यानं जाताना कुणाच्या तरी वावरातून गोवऱ्यांचा धूर येतो आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागते. चव म्हणाल तर तशी मी बरी जमवते. पण मला रोडगा नको असतो. उपाशी पोटी, चिडून, त्या बांधाकडे बघत बसायचं असतं.

रोडगे मी शिकले ते आबाजींच्या मागे दोन वर्षांनी. आजी थकली होती, आणि ती जायच्या आत सगळं वहीत उतरवून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. आम्ही दोघीच वावरात गेलो. कणीक तिनं मळली, पेटवलं मी. रोडगे राखेत पुरून झाल्यावर मी मोबाइल काढला आणि विचारलं, किती मिनिटं लावू?

"मिन्टं कायची? फेरी मारून ये."

मी गेले आणि आले. पहिला रोडगा फोडला तर आत पांढरी ओली कणीक. आजी खूप दिवसांनी हसली. "तू तं मोटारसायकलवर गेल्यावानी आली. थे असे चालत होते काय?"

रोडगे परत राखेत गेले. मी वही उघडून बसले. आकार लिहिताना विचारलं, "एवढे मोठे काऊन करते तू? माह्या सासरी तं लिंबाएवढे करतात."

"मीबी लिंबाएवढेच करो पहिले," आजी म्हणाली. "मंग त्याईचे पाय थकले. फेरीले येळ लागे, रोडगे करपत. मंग म्या दरसाल थोडा थोडा वाढवत गेली रोडगा. राखबी वाढवली. थे येईलोक बरोबर होत. अजून हाताले तेच वळन हाय."

मी पेन खाली ठेवलं. त्या दिवशीची तिची माझ्या मनगटावरची पकड आठवली.

"मंग मले त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं सगळ्याईले समजलं असतं. त्याईले समजू द्याचं नोयतं मले."

"त्याईले राग आला होता काय माहा?" इतकी वर्षं हे विचारायचं मी टाळलं होतं. नाही म्हण, एवढंच मनात होतं.

"राग कायचा. तुह्यावर कधी राग धरला त्याईनं?" ती काडीनं राख सारखी करत राहिली. "दुसऱ्या साली म्या कणीक मळून राह्यली होती. तं आले, माह्याजवळ बसले. म्हणे, 'आता लहान कर व रोडगे. आता मी कुठं जात नाई.'"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दर वर्षी वाढत गेलेला रोडगा ते स्वतःच्या हातानं निखाऱ्यावर मांडत होते, आणि आपल्याला कळलंय हे तिला कळू न देता फेरीला जात होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. केले लहान. लय चांगले झाले होते," आजी म्हणाली. "सगळ्याईनं तारीफ केली. तूनंबी केली."