माझ्या वेळी कोण गाईल?

माझ्या सासरी आजीला 'बाबा' म्हणतात. ते माझ्या तोंडी कधी बसलं नाही. मी पारास्का आजीच म्हणत राहिले. मार्कोची, माझ्या नवऱ्याची, ती आजी. कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या आमच्या त्या गावात कोणीही गेलं की युक्रेनी चर्चमध्ये शेवटचं गाणं तिनं म्हणायचं. 'अखंड स्मरण असो', असं तीनदा म्हणायचं आणि मग शवपेटी उचलायची. जोडीला तिची नणंद, मेलान्या आत्या. बाकी आम्ही सगळे मान खाली घालून उभे. गाणं हे त्या दोघींचं काम, असं गावानं धरूनच ठेवलं होतं.

पोरं शेतं विकून कॅलगरीला गेली, पाद्री महिन्यातून एकदा येऊ लागला, पण मरणं काही थांबली नाहीत. हिवाळ्यात तर आजी घरी येऊन खुर्चीत बसली की बूट काढायचंही त्राण नसायचं तिला.

"माणसं पोचवून पोचवून दमले गं," म्हणायची. "आणि मला कोण पोचवणार? ती मेलान्या. बस चुकत असल्यासारखी गाते. मला धावत पळत देवापुढे उभी करील."

आत्यांच्या कानावर हे जायचंच. चर्चच्या तळघरात दोघी बटाट्याचं सारण भरून पिरोही वळायला बसल्या की सुरू.

"वहिनी, तुझं गाणं संपेपर्यंत मेलेला कंटाळून उठून बसेल."

"बसू दे. दोन घास वाढू त्याला."

"त्यापेक्षा तू आधी जा. मी गाते."

"नको. आधी तू. तुला नीट पोचवते, मग माझं बघू."

"आणि मग तुझं बघणार कोण?"

आजी पिठाच्या कडा दाबत राहायची. थट्टा तिथेच संपायची. मागे राहील तिच्यासाठी गायला कोणीच नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं.

एकदा मी म्हटलं, "मला शिकवा ना."

"गाणारीला रडता येत नाही," आजी म्हणाली. "तुला रडायला नको का घरचं माणूस गेल्यावर?"

ती स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी गायली होती. मुलाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वेळीही. तेव्हा तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही. कधी रडली असेल ते देवाला माहीत.

फेब्रुवारीत आजी गेली. झोपेतच. सुटली, असं मनात आलं.

आत्या एकट्या गायला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा सावकाश म्हटलं त्यांनी, अगदी सावकाश. दुसऱ्यांदा आवाज बारीक झाला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि त्या बाकावर बसल्याच. पदराला तोंड लावावं तसं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. नवीन पाद्री थांबून राहिला. कोणी हलेना. दोनच वेळा म्हणून पेटी उचलायची कशी?

मग मार्कोनं सुरुवात केली, तीही भलत्याच सुरात. मी धरलं. मागून शेजारच्या म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला, मग इतरांचे. शब्द निम्मे चुकले. ओळ लांबली, तुटली, पण तिसरं झालं.

खाली तळघरात जेवणात रीतीप्रमाणे मधातला शिजवलेला गहू आधी वाढला. आत्या कोट न काढताच बसल्या होत्या. मी चहा नेला.

"किती बेसूर," त्या म्हणाल्या.

"हो."

"इतकी वर्षं कान कुठे ठेवले होते सगळ्यांनी?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"रविवारी ये. मार्कोलाही आण, आणि त्या म्हाताऱ्याला. माझ्या वेळी मी मदतीला नसणार."